सुनेच्या खुर्चीपायी घर वर चढलं

किती फिरवून फिरवून दाखवशील गं कुसुम ती खुर्ची! पाठीच्या मापाची पाठ, हाताच्या मापाचा हात, अन् खास डिझाइन करून बनवून घेतली म्हणे. बसते बाई, बसते. चांगली आहे, मऊ आहे. पण एवढं ऐकून घे, अंगाच्या मापाची खुर्ची या घराण्यात पहिल्यांदा आली ती माझ्यासाठी. इंग्रजाचं राज्य होतं तेव्हा. अन् ती एक खुर्ची आली म्हणून आपलं सारं घर जमिनीवरून उठून आढ्याला टेकलं. हसू नका पोरींनो. यातलं एक अक्षर खोटं नाही. चार अक्षरं फुगली असतील, तर ती माझ्या वयाला माफ आहेत.

लग्न होऊन मी जसोंडीला आले, चुडामण पाटलांच्या घरी. घरात माझे सासरे चुडामण पाटील, सासू मथुराबाई, अन् सासऱ्यांची आई, म्हणजे माझी आजेसासू सरुबाई. तिच्या तोंडात दात नव्हते, पण शब्द सगळे होते. अन् चौथे तुमचे आजोबा. त्यांचं नाव मी घेत नाही. पुढं गोष्टीत त्यांची फुई, म्हणजे आत्या, येणार आहे, ती घेईल.

लग्नाला वर्ष झालं नसेल अन् माझा पाय मोडला. कसा मोडला, ते मी ज्याला त्याला वेगळं सांगते. शेजारणीला सांगितलं, बिबट्याच्या मागं धावताना मोडला. ती अजून माझ्याशी जपून बोलते. खरं सांगू? कापसाची गाडी बुऱ्हाणपूरला जिनिंगवर निघाली होती. इतकी भरली होती, इतकी भरली होती की बैलांना वाटे मागून ढग पाठलाग करतोय. मला शहर पाहायचं होतं. मी हट्ट केला अन् त्या ढगावर जाऊन बसले. नदीच्या उताराला चाक खड्ड्यात गेलं. ढग राहिला गाडीवर, मी आले खाली.

जैनाबादच्या हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, लेप लावला. हाड जुळलं. पण गुडघा वाकायचं विसरला तो विसरलाच. पाय सरळ, मुसळासारखा.

तुम्ही म्हणाल, मंग काय झालं? अगं, तेव्हाचं घर म्हणजे सगळं जमिनीवर. जातं जमिनीवर, चूल जमिनीवर, विळी, परात, जेवणाचं पान, सगळं जमिनीवर. निंदा करायला बसायचं तेसुद्धा जमिनीवर. अन् मला तर बसताच येईना. मी एक तर उभी, नाही तर आडवी. मधलं काही उरलंच नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. पाटलाच्या पोराला पांगळी बायको काय कामाची, दुसरी करा. तेव्हा तसं चालत होतं, कायदा आडवा येत नव्हता. पहिलीला माहेरी धाडायचं अन् दुसरीची वरात आणायची. माझे वडील खाली मान घालून आले, म्हणाले, "विहीणबाई, घेऊन जाऊ का पोरीला?" मी दाराआड उभी. काळीज असं वाजत होतं की मला वाटलं, बाहेर बैल बुजतील.

माझी सासू मथुराबाई म्हणजे बोलायला कोरडी. गोड शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही, तिच्या आईनंही ऐकला नसेल. ती म्हणाली, "न्या की. दिवाळीला न्या. भाऊबीज झाली की आणून सोडा." अन् मंग म्हणाली, "पाय मोडलाय हिचा. हात कुठं मोडलेत?"

बस. एवढंच. पोरींनो, मी आज इथं बसून तुम्हाला गोष्ट सांगतेय, ती त्या दोन वाक्यांवर.

दुसऱ्या दिवशी तिनं बुऱ्हाणपूरहून कौतिक सुताराला बोलावलं. कौतिक म्हणजे हातात कसब अन् तोंडात त्याहून जास्त. त्यानं लालबागेत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात काम केलं होतं, अन् तेव्हापासून त्याला साधं पाट-चौरंग करायला लाज वाटे. "पाटलीणबाई, आता फ्याशन बदलली," तो म्हणाला. "आता लाकूड माणसाच्या अंगावर बेततात, शिंप्यावानी. लंडनमध्ये सगळीकडं हेच चालू आहे."

"तू कधी गेला होता रे लंडनला?" आजेसासूनं विचारलं.

"भुसावळपर्यंत जाऊन आलो आहे, आजी. तिथून सीधी गाडी आहे."

"लाकूड कोणतं लागेल?" सासूनं विचारलं.

"सागवान असलं तर बात वेगळी."

सागवान घरात होतं. सासूनं झोपाळ्यासाठी ठेवलेलं, तिच्या माहेरचं. ओसरीत झोपाळा टांगायचा अन् म्हातारपणी झुलत बसायचं, एवढी एकच चैन तिनं आयुष्यात मनात धरली होती. ती आत गेली, फळ्या ओढत बाहेर आणल्या अन् कौतिकच्या पुढ्यात टाकल्या. "घे. अन् बडबड कमी कर."

आता माप कसं घ्यायचं? परका पुरुष सुनेचं माप घेणार कसा! मंग अशी युक्ती निघाली की मी अन् सासू दाराच्या आत, कौतिक दाराच्या बाहेर. सासूच्या हातात सुतळी. कौतिक बाहेरून ओरडे, "कंबर ते गुडघा!" सासू माझ्या अंगाला सुतळी लावून गाठ मारे. "गुडघा ते टाच! दोन्ही पायांचं वेगळं घ्या!" पुन्हा गाठ. "पाठीचा बाक!" इथं सासू अडली. बाकाला सुतळी कशी लावावी? तिनं काय करावं, तर मला ओल्या मातीच्या ढिगाला टेकवून उभी केली, पाठीचा ठसा उमटवला अन् तो वाळलेला मातीचा ठसा सुपात घालून कौतिकला दिला. कौतिकनं ते सूप डोक्याला लावलं. म्हणाला, "पाटलीणबाई, साहेबाच्या मडमेनंसुद्धा असं माप दिलं नव्हतं."

खुर्ची आली. अगं काय खुर्ची होती! बसायला नवारीची वीण. पाठ अशी, की टेकलं की वाटे कुणी मागून धरलंय. उजव्या पायाखाली एक लांब फळी, मोडका पाय सरळ ठेवायला. हात फक्त डाव्या बाजूला. मी विचारलं, उजवा कुठं गेला? सासू म्हणाली, "भाकरी काय मी थापू? तुझा हात मोकळा नको का फिरायला?" अन् खुर्चीच्या उंचीला जुळेल असा मातीचा ओटा तिनं स्वतःच्या हातानं घातला, त्यावर चूल मांडली, शेणानं सारवली. तुमचे ते उभ्यानं स्वयंपाक करायचे ओटे आता आले. आमच्या जसोंडीत ओटा तेव्हाच आला होता.

सगळं झालं. अन् मंग मी बसेना.

का म्हणजे? सासू खाली जमिनीवर बसलेली, आजेसासू घोंगडीवर, सासरे गादीवर. अन् मी सून, खुर्चीवर? वर? त्या काळी सून सासूच्या बरोबरीनं पाटावरसुद्धा बसत नव्हती. सासरे घरात आले की उठून आत जायचं. अन् मी त्या सगळ्यांच्या डोक्यावर पाय लांब करून बसू? मी खुर्चीला धरून उभी राहिले अन् रडायला लागले.

"बसत काहून नाही?" सासूनं विचारलं.

"तुम्ही खाली अन् मी वर, कसं होईल आत्याबाई?"

आजेसासू लगेच म्हणाली, "बरोबर आहे पोरीचं. या घरात सून सासूच्या वर बसलेली मी पाहिली नाही अन् जिवंत आहे तोवर पाहणार नाही."

सासूनं माझ्याकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, जमिनीकडं पाहिलं. अन् म्हणाली, "हिला खाली येता येत नाही ना? मंग आपण वर जाऊ."

बोलावला कौतिकला. सासूसाठी खुर्ची माझ्याहून वीतभर उंच. पण सासू सासऱ्यांच्या वर कशी बसणार? सासऱ्यांची आणखी वीतभर उंच. अन् आई मुलाच्या खाली? तोबा! आजेसासूची सगळ्यांच्या वर, तिला शिडी. कौतिक तर खुशीत आला. प्रत्येकाची खुर्ची ज्याच्या त्याच्या अंगावर बेतली. सासऱ्यांच्या खुर्चीला चिलीम ठेवायला खोबण, आजेसासूच्या खुर्चीला पानाचा डबा ठेवायला कप्पा अन् खाली तस्त टांगलेलं, पिंक टाकायला. नेम चुकला तर मुलाच्या डोक्यावर. सासरे डोक्याला फेटा बांधूनच बसायचे. तुमच्या आजोबांना माझ्याहून वर बसायचं होतं पण लाकूड सरलं होतं. ते खिडकीत बसत. म्हणत, हवा चांगली येते.

बाहेरून कुणी आलं की दारातच थबके. पटवारी आला तर त्याला सासऱ्यांचे गुडघे दिसत. तो कागद काठीच्या टोकाला लावून वर द्यायचा, सही होऊन कागद खाली यायचा. आजेसासूचं तर नशीब उघडलं. तिचं डोकं वाशांच्या मध्ये, अन् कौलाची एक फट तिच्या डोळ्यांसमोर. त्या फटीतून तिला सारं गाव दिसे. कोण कोणाच्या मळ्यात गेलं, कोणाची म्हैस सुटली, सगळं वरून सांगे. आभाळ साफ असलं की तिला असीरगडसुद्धा दिसे. एकदा म्हणाली, किल्ल्यावर कुणीतरी बाई लुगडं वाळत घालतेय, लुगडं हिरवं आहे. मी कोण खोटं म्हणणार!

अन् मी? मी बसले. माझ्या जागी, सगळ्यांच्या खाली, सुनेसारखी. पाय फळीवर, पाठ टेकलेली, हात कामात. किती दिवसांनी मी बसले होते, पोरींनो. तुम्ही रोज बसता, तुम्हाला काय कळणार बसणं काय असतं.

पण गावाची जीभ थांबली नव्हती, अन् ती जीभ पोचली शाहपूरला. तिथं माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण राहायची, धुरपदाबाई. तुमच्या आजोबांची फुई. घरात तिचा शब्द म्हणजे शब्द. सासरे तिच्यापुढं आवाज काढत नसत. ती म्हणाली की झालं. तिनं निरोप धाडला, अमावस्या झाली की येते अन् सुपडूच्या दुसऱ्या लग्नाचं पक्कं करूनच जाते.

घ्या, नाव आलं. मी नाही घेतलं, फुईनं घेतलं.

फुई यायची होती त्या दिवशी सासू मला म्हणाली, "मांडे कर."

"आज? माझ्या हातानं?" मी विचारलं. ज्या बाईनं मला घरातून काढायचं, तिच्यासाठी पुरणाचे मांडे!

"माझ्या हातानं करू? माझे हात कापतात आता. कर म्हटलं ना."

खुर्चीवर बसून मी भाकरी केल्या होत्या, मांडे कधी केले नव्हते. घडीभर डोळे मिटले, कणीक तिंबायला घेतली.

फुई आली. बैलांच्या दमणीतून उतरली, भारी अंगाची, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ओसरीत आली अन् वर पाहून तिचं तोंड उघडंच राहिलं. "अरे चुडामण! हे काय माकडांचं घर केलं?"

"जिजी, या. तुमची जागा केली आहे," सासू शांतपणे म्हणाली.

केलीच होती. फुई सासऱ्यांहून मोठी, म्हणजे त्यांच्या वर. पण सरुबाईची लेक, म्हणजे आईच्या दोन बोटं खाली. कौतिकनं दुसरं लाकूड आणून आजेसासूच्या बाजूलाच तिची खुर्ची उभी केली होती. मान मिळाला म्हटल्यावर फुई नाही कशी म्हणणार? खाली बसावं तर सुनेच्याही खाली जाते. चढली. शिडी कुरकुरली, कौतिकनं खालून देवाचं नाव घेतलं, अन् फुई वर पोचली. आई अन् लेक, दोघी वाशांमध्ये, कबुतरांसारख्या.

"सासूबाई, शिडी नेऊ का घडीभर?" माझी सासू म्हणाली. "माळ्यावरून गूळ काढायचा आहे." अन् शिडी घेऊन गेली. गूळ खालीच होता, मला माहीत होतं.

फुईनं घसा साफ केला. "चुडामण, मी स्पष्ट बोलते. मुलगी पाहिली आहे. पिंपळपान आहे नुसतं, दिसायला नाजूक, कामाला तुफान. सुपडूचं लगीन लावून दे. हिला माहेरी धाड, धान्य-लुगडं देत राहा. पाटलाच्या घराला दोन पायांची सून पाहिजे."

मला सगळं ऐकू येत होतं. आमच्या ओसरीत अन् स्वयंपाकघरात भिंत नव्हती, मधे धान्याच्या मातीच्या कोठ्या होत्या, माणसाच्या डोक्याहून उंच. मी पलीकडं. खापर चुलीवर उलटं तापलेलं. मी पहिला उंडा घेतला, पुरण भरलं, अन् हातावर घेतला.

आता तुम्हाला माहीत आहे मांडा कसा वाढतो. हातावर घेऊन फिरवत फिरवत वाढवायचा, कोपरापर्यंत. पण खाली बसून करा, मांडा मांडीला लागतो, जमिनीला लागतो. मंग थांबावं लागतं. मी तर वर बसलेली! खाली जागाच जागा. उजव्या बाजूला खुर्चीला हात नाही, आडवं काही नाही. मी फिरवला, मांडा वाढला. आणखी फिरवला, आणखी वाढला. मनात राग होता, भीती होती, हात थांबेनात. मांडा कोपराखाली उतरला, फळीवरच्या पायाखाली उतरला. इतका पातळ, की त्याच्यातून चुलीचा जाळ दिसे. पण फाटेना.

"...तर येत्या पंचमीला आपण," फुई वर बोलत होती, अन् एकाएकी थांबली.

जमिनीवर बसली असती तर तिला कोठ्या दिसल्या असत्या. पण ती वर होती. तिला कोठ्यांच्या पलीकडचं सगळं दिसत होतं.

"वहिनी," ती माझ्या सासूला म्हणाली, "तिकडं सुपडूचं धोतर काहून वाळत घातलंय चुलीवर?"

"धोतर नाही जिजी. मांडा आहे."

"मांडा? हा मांडा?"

"पहिलाच आहे. हात बसला नाही अजून तिचा."

फुई पुढं वाकली. आजेसासूनं तिचा पदर धरला नसता तर कोठीत पडली असती. मी मांडा खापरावर टाकला. खापर झाकलं गेलं, चूल झाकली गेली, ओटा झाकला गेला. तुम्हाला सांगते, त्याची एक बाजू भाजायला मला एक चूल अन् दुसरी बाजू भाजायला शेजारणीची चूल लागली. बरं, नका मानू. पण मोठा होता.

सासूनं तो घडी घालून परातीत ठेवला, तूप सोडलं, अन् परात काठीला बांधून वर दिली. वरून आवाज येत राहिला. फक्त चावायचा. आजेसासूला दात नव्हते, तरी तिचाही.

"माझ्या घरी तीन सुना आहेत," शेवटी वरून फुईचा आवाज आला, भरलेल्या तोंडाचा. "तिघींना दोन दोन पाय. अन् मांडा केला की फडक्यासारखा फाटतो."

"असं का," सासू म्हणाली. "जिजी, त्या मुलीचं काय म्हणत होतात?"

"कोणती मुलगी?"

"पिंपळपान."

"ती होय. ती माझ्या दिराच्या पोरासाठी पाहिली आहे. तुला काही लक्षात राहत नाही, वहिनी." अन् जरा थांबून, "दुसरा होतोय का गं पोरी?"

ती माझ्याशी बोलली! आत्तापर्यंत 'हिला' होते, आता 'पोरी' झाले. मला रडू फुटलं, अन् मी दुसरा उंडा घेतला. पहिल्यापेक्षा मोठा.

शिडी परत आली. पण फुई एवढी जेवली होती की शिडीवर कुणाचा भरवसा नव्हता. कापूस बांधायची चादर आणली, चार गडी बोलावले, अन् तिला गाठोड्यात घालून सावकाश खाली सोडली. खाली आल्यावर तिनं पदर सारखा केला अन् कौतिकला बोलावून म्हणाली, "माझ्या सुनांसाठी असल्या खुर्च्या कर. तिघींसाठी. मोकळ्या हाताच्या."

"करतो. पण फुई, मंग तुमची केवढी उंच करावी लागेल?"

फुईनं वर आढ्याकडं पाहिलं, हिशोब लागेना. "छप्पर उचलू," म्हणाली, अन् दमणीत बसली. जाता जाता माझ्या सासऱ्यांना सांगून गेली, "चुडामण, या सुनेला कुणी काही बोललं तर मला शाहपूरला कळव."

त्यानंतर गावात कुणी काही बोललं नाही. बोलायला तोंड रिकामं लागतं, अन् प्रत्येक सणाला मी त्यांची तोंडं मांड्यानं भरलेली ठेवली.

पण मला आठवतं ते त्या संध्याकाळचं. दिवेलागण झाली होती. सासरे मळ्यात गेले, आजेसासू वरच डुलकी घेत होती. मी खुर्चीवर, थकलेली, मोडका पाय दुखत होता पण बोलत नव्हते. सासू तेलाची वाटी घेऊन आली. स्वतःच्या खुर्चीकडं गेलीच नाही. माझ्या पायापाशी, सारवलेल्या जमिनीवर बसली. माझ्या खाली.

मी धडपडले. "आत्याबाई, हे काय! आजींनी पाहिलं तर?"

"झोपली आहे ती. हळू बोल."

"पण तुम्ही खाली—"

"मला काय हौस आहे वर लटकायची? कंबर धरली माझी." तिनं माझा पाय फळीवरून उचलला अन् स्वतःच्या मांडीवर घेतला. सासूच्या मांडीवर सुनेचा पाय! मी ओढायला गेले, तिनं घट्ट धरला. तेल कोमट होतं. तिचे हात खरंच कापत होते. ते तिनं खोटं सांगितलं नव्हतं.

"दुसऱ्या मांड्याला मीठ कमी होतं," ती म्हणाली.

"हो आत्याबाई."

"उद्या लक्ष ठेव."

उद्या म्हणाली ती. मी मान हलवली, अन् ती पाय चोळत राहिली.